पावतीवर सही केली म्हणजे मागच्या सगळ्या अटी मान्य केल्या का?

मुक्ता_सातारा (सोमवार, रात्री ८.१४)
नमस्कार मंडळी. पुतणीच्या लग्नासाठी मंगल कार्यालय घेतलं होतं. भाडं १,८०,०००, त्यातले ९०,००० आगाऊ भरले. मुलाच्या आजोबांचं निधन झालं आणि लग्न पुढे ढकलावं लागलं. मुहूर्ताला अजून अडीच महिने असतानाच आम्ही कार्यालयात लेखी कळवलं.

मालकांनी पावती उलटी करून दाखवली. मागे बारीक अक्षरात चौदा अटी. सातवी अट : 'ग्राहकाने कोणत्याही कारणास्तव आरक्षण रद्द केल्यास भरलेली रक्कम परत मिळणार नाही.' अकरावी : 'काही कारणाने कार्यालय उपलब्ध करून देता न आल्यास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही, भरलेली रक्कम बिनव्याजी परत केली जाईल.' खाली दादांची सही आहे.

आता खरी गोष्ट. त्याच तारखेला त्याच कार्यालयात दुसरं लग्न ठरलंय. ते लोक आमच्या ओळखीतलेच निघाले आणि त्यांनी पूर्ण भाडं भरलंय. म्हणजे मालकांना त्या एका दिवसाचे १,८०,००० मिळाले आणि वर आमचे ९०,०००. दादा म्हणतात, 'सही केलीये, आता काय बोलणार?' मला हे पटत नाही. करार म्हणजे दोघांनी ठरवलेली गोष्ट ना? ही चौदा कलमं आमच्याशी कुणीच ठरवली नव्हती. कायदा काय म्हणतो?

दादासाहेब_कराड (सोमवार, रात्री ८.४०)
ताई, दुःख समजतं, पण सही ही सही असते. मोठी माणसं आहोत आपण. कार्यालय शोधायला कुणी बंदूक लावली नव्हती, दुसरं घेता आलं असतं. उद्या प्रत्येक जण 'मी वाचलंच नाही' म्हणू लागला तर व्यवहार कसे चालायचे? कोर्टाने लोकांचे करार बदलून द्यायला सुरुवात केली तर शब्दाला किंमत राहणार नाही.

रानवारा (सोमवार, रात्री ८.५२)
लग्नात भटजी 'सावधान' म्हणतात ते कार्यालयाची पावती फाडतानाच म्हणायला हवं :)

सई_डोंबिवली (सोमवार, रात्री ९.०५)
दादासाहेब, 'दुसरं घेता आलं असतं' म्हणता, तर एकदा तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांसाठी कार्यालय शोधून बघा. आम्ही मागच्या वर्षी कल्याण-डोंबिवलीतली सगळी पालथी घातली. प्रत्येक पावतीच्या मागे हीच अट, काही ठिकाणी तर शब्दही तेच, कारण छापखाना एकच. निवड होती ती हॉलच्या रंगाची. अटींची नव्हती.

काळा_कोट (सोमवार, रात्री ११.२०)
मुक्ताताई, जरा सविस्तर लिहितो. ग्राहक आयोगात बरीच वर्षं काम करतोय.

पहिली गोष्ट, सही महत्त्वाची आहेच. भारतीय करार कायदा १८७२ चा. तो लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होते दोन व्यापारी, समोरासमोर बसून घासाघीस करणारे. दोघांनी काय कबूल करायचं ते दोघांनी ठरवावं, सरकारने मध्ये पडू नये, ही त्यामागची धारणा. छापील पावती तिथे नव्हतीच. पण त्याच कायद्यात कलम ७४ आहे, आणि तुमचं प्रकरण थेट त्यात बसतं. करार मोडला तर अमुक रक्कम द्यायची किंवा जप्त होईल असं करारात लिहिलेलं असलं, तरी समोरच्याला मिळते ती *वाजवी* भरपाई. लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा. ती आपोआप मिळते असं नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली फतेहचंद प्रकरणात हे सांगितलं. तिथे १,००० रुपये इसारा होता आणि त्यावर आणखी २४,००० विक्रेत्याने घेतलेले होते. इसारा ठेवू दिला, बाकीचे २४,००० जप्त करण्याची अट दंडाच्या स्वरूपाची ठरवली.

त्याहून तुमच्या जवळचा निकाल २०१५ चा, कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण. १९८२ साली भिकाजी कामा प्लेसमधला भूखंड ३.१२ कोटींना लिलावात गेला, इसारा ७८ लाख. पुढे व्यवहार फिसकटला आणि प्राधिकरणाने ७८ लाख जप्त केले. नंतर तोच भूखंड ११.७८ कोटींना विकला. न्यायालयाने विचारलं, यात तुमचं नुकसान कुठे झालं? नुकसानच नाही तर भरपाई कसली? ७८ लाख परत करायला लावले.

तुमच्या मालकांनीही तीच तारीख पुन्हा विकलीय. म्हणून तो पुरावा आजच गोळा करा. दुसऱ्या लग्नाची पत्रिका सगळ्यात उत्तम, तारीख आणि स्थळ छापलेलं असतं.

मुक्ता_सातारा (मंगळवार, सकाळी ७.३०)
वकीलसाहेब, खूप आभार. पत्रिका आमच्याच घरी आलीये, आम्हाला निमंत्रण आहे!

रानवारा (मंगळवार, सकाळी ७.४१)
आहेराऐवजी नोटीस न्या :)))

पंगत (मंगळवार, सकाळी १०.१५)
मी या धंद्यातला आहे. सांगलीजवळ कार्यालय आहे, जोडीला केटरिंग. तेव्हा दुसरी बाजूही ऐका.

वर्षाचे ३६५ दिवस असले तरी आम्ही कमावतो ते मुहूर्ताच्या मोजक्या दिवसांवर. एक मोठा मुहूर्त अडकवून ठेवला की त्या तारखेची चार घरं आम्ही परत पाठवतो. नंतर पहिला माणूस आठ दिवस आधी 'नको' म्हणाला, तर ती चार घरं तोवर दुसरीकडे गेलेली असतात. आचारी, वाढपी, मांडववाला, जनरेटर, सगळ्यांना मी आगाऊ दिलेली असते आणि ती मला कुणी परत देत नाही. काही लोक तर दोन-तीन कार्यालयं धरून ठेवतात आणि पत्रिका छापायच्या वेळी एक ठेवून बाकी सोडतात. ही अट त्यांच्यासाठी आली.

तरीपण मुक्ताताई, तुमच्या प्रकरणात अडीच महिने आधी कळवलंय आणि तारीख परत गेलीये. तिथे पैसे अडवणं मला योग्य वाटत नाही. आम्ही तारीख पुन्हा गेली तर परत देतो. मात्र लिहून ठेवलेलं नाही, तोंडी चालतं.

सई_डोंबिवली (मंगळवार, सकाळी १०.५०)
पंगतदादा, तुमचा मुद्दा मान्य. पण अकराव्या अटीकडे बघा. मुलीकडच्यांनी रद्द केलं तर सगळं गेलं, आणि मालकांनी आदल्या दिवशी रद्द केलं तर नुसती मुद्दल परत? पाचशे पत्रिका वाटून झालेल्या असतात. त्या घराचं नुकसान कोण मोजणार? मला जप्तीपेक्षा हा दुजाभाव जास्त टोचतो.

वाकडकर (मंगळवार, दुपारी १.०५)
सई म्हणते तो दुजाभाव आम्ही घराच्या व्यवहारात पुरेपूर भोगला. २०१२ चं बुकिंग. करार ऐंशी पानांचा, इंग्रजीत. रजिस्टर ऑफिसच्या बाहेर बाकावर बसून प्रत्येक पानावर सही करायची, मागे रांग. आमचा हप्ता लांबला तर वर्षाला १८ टक्के. बिल्डरने ताबा लांबवला तर महिन्याला चौरस फुटाला पाच रुपये. हे कलम बदला म्हटल्यावर विक्री विभागातली मुलगी म्हणाली, 'सर, हे सगळ्यांना सारखंच आहे.' त्या क्षणी बुकिंगचे दोन लाख आधीच भरलेले होते.

दादासाहेब, याला स्वातंत्र्य म्हणायचं असेल तर ते एकाच बाजूचं होतं.

काळा_कोट (मंगळवार, दुपारी २.३०)
वाकडकर, अगदी असाच करार २०१९ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आला होता. पायोनियर अर्बनचा गुरुग्रामचा प्रकल्प. खरेदीदाराने हप्ता उशिरा दिला तर १८ टक्के, बिल्डरने परतावा लांबवला तर ९ टक्के. न्यायालयाने म्हटलं की अशा एकतर्फी करारावर सही करण्यावाचून खरेदीदाराला पर्यायच नव्हता, तेव्हा तो त्याच्यावर बंधनकारक धरता येणार नाही. अशी कलमं घालणं हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरवली.

रेरा, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणाचा कायदा, आल्यावर महाराष्ट्रात निदान व्याजाचा प्रश्न सुटला. उशीर कुणाचाही असो, दर दोघांना एकच : स्टेट बँकेचा सर्वांत जास्त एमसीएलआर (बँकेने कर्जासाठी ठरवलेला आधारभूत व्याजदर) अधिक २ टक्के. १० टक्क्यांहून जास्त रक्कम नोंदणीकृत कराराशिवाय घेता येत नाही. हे दोन्ही पक्षांनी 'ठरवलं' तरी बदलता येत नाही.

दादासाहेब_कराड (मंगळवार, दुपारी ३.१०)
बिल्डरांचं मी समर्थन करत नाही. ती आयुष्यभराची कमाई असते, तिथे संरक्षण हवंच. माझी भीती वेगळी आहे. पंगत यांच्यासारख्या माणसाला उद्या प्रत्येक अट वकिलाकडून तपासून घ्यावी लागली, तर तो खर्च भाड्यात चढेल. जो माणूस कधीच रद्द करत नाही त्याच्या खिशातून रद्द करणाऱ्याची सोय होईल. एखाद्याला स्वस्तात कार्यालय हवं आणि 'पैसे परत नाहीत' ही अट चालते, तर त्याला ते घेऊ द्यावं की नाही? विमानाचं स्वस्त तिकीट आपण तसंच घेतो.

अनुजा_म्युनिक (मंगळवार, दुपारी ४.४५)
दादासाहेबांचा प्रश्न चांगला आहे. विमानाच्या तिकिटात स्वस्त-न परतणारं आणि महाग-परतणारं असे दोन पर्याय समोर मांडलेले असतात. तिथे तुम्ही खरंच निवडता. कार्यालयाच्या पावतीवर दुसरा पर्याय छापलेला असतो का?

मी जर्मनीत असते. इथे छापील अटींसाठी नागरी संहितेत वेगळा विभागच आहे. ग्राहकाला अनपेक्षित असलेली अट कराराचा भाग बनतच नाही, आणि अर्थ दोन निघत असतील तर शंकेचा फायदा ग्राहकाला. इथल्या जिमचे करार पूर्वी कुप्रसिद्ध होते. दोन वर्षांचा करार, तीन महिने आधी नाही म्हटलं नाही तर आपोआप आणखी एक वर्ष चिकटायचं. १ मार्च २०२२ नंतरच्या करारांत ते बंद झालं. पहिली मुदत दोन वर्षांपर्यंत ठेवता येते, पण पुढे वाढला तर एक महिन्याच्या नोटिशीवर केव्हाही सोडता येतो. त्याच वर्षी जुलैपासून ऑनलाइन घेतलेली सदस्यता रद्द करायचं बटण संकेतस्थळावर ठळक ठेवावं लागतं. जिम बंद पडल्या नाहीत, आमच्या गल्लीतच दोन आहेत.

पैठणी_वाले (मंगळवार, सायंकाळी ६.२०)
जर्मनीत साडी आवडली नाही म्हणून परत करता येते का? आमच्याकडे लोक लग्नाला नेसून, अत्तराचा वास असलेली साडी 'रंग आवडला नाही' म्हणून आणतात.

अनुजा_म्युनिक (मंगळवार, सायंकाळी ६.५५)
नाही हो. दुकानात बघून घेतलेली वस्तू केवळ मन बदललं म्हणून परत करण्याचा हक्क इथेही नाही, दुकानदार आपखुशीने घेतात. चौदा दिवसांचा हक्क आहे तो ऑनलाइन किंवा दारावर आलेल्या विक्रेत्याकडून घेतलेल्या वस्तूंना.

काळा_कोट (मंगळवार, रात्री ९.३०)
पैठणीवाले, आपल्याकडेही नेसलेली साडी परत घेण्याचं बंधन नाही. पण साडीत *दोष* असेल तर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी उपयोगाची नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे.

साडीवरून आठवलं. साठच्या दशकात मद्रास उच्च न्यायालयात एक प्रकरण गेलं होतं. धुलाई दुकानाने नवी साडी हरवली. पावतीवर छापलेलं, कपडा हरवल्यास किमतीच्या १५ टक्केच मिळतील. न्यायालय म्हणालं, ही अट मान्य केली तर दुकानदाराला बेफिकिरीचं बक्षीसच मिळेल, कारण १५ टक्के देऊन तो साडी ठेवून घेऊ शकेल. अट सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरली. तेव्हा ग्राहक कायदा अस्तित्वात नव्हता!

निवृत्त_कॅशियर (बुधवार, सकाळी ६.१०)
बँकेच्या लॉकरचं सांगतो, कारण त्या काउंटरवर मी अर्धी नोकरी काढली. जुन्या करारात बँकेची जबाबदारी जवळजवळ शून्य असे. आम्ही फक्त जागा भाड्याने देतो, आत काय आहे आम्हाला ठाऊक नाही, असा पवित्रा. विधवा बाई दागिने ठेवायला यायच्या आणि आम्ही खूण केलेल्या तीन जागी सही घ्यायचो. त्यांना कुणी वाचून दाखवत नसे.

२०२१ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लॉकरची किमान काळजी घेण्याच्या कर्तव्यातून बँकेला करार करून सुटता येणार नाही. मग रिझर्व्ह बँकेने नियम केले. १ जानेवारी २०२२ पासून आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यात लॉकरमधलं गेलं तर वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत बँक जबाबदार. भाडं ३,००० असेल तर ३ लाख. सोन्याचा आजचा भाव बघता फार नाही, पण शून्यापेक्षा बरं.

चिनू_पुणे (बुधवार, सकाळी ९.४०)
काका, छान माहिती. आमच्या पिढीला तर सहीही करावी लागत नाही, 'मान्य आहे' वर बोट पडलं की झालं. इंग्रजी शिकवणाऱ्या एका अ‍ॅपने चाचणी फुकट म्हणून कार्ड घेतलं आणि दर महिन्याला पैसे कापत राहिलं. रद्द करायचं बटण शोधायला मैत्रिणीचा अख्खा रविवार गेला.

याला आता नियम आहेत. ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत असे १३ फसवे प्रकार दिलेत. आपण न निवडलेली वस्तू टोपलीत टाकणं, शेवटच्या पानावर किंमत वाढवणं, सदस्यता सोडणं मुद्दाम अवघड करणं वगैरे. आणि २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे आधीच टिक केलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे. सईताईंना आवडेल असा एक नियम त्यातच आहे : कंपनी स्वतः ऑर्डर रद्द करताना तेवढंच शुल्क भरत नसेल, तर ग्राहकाकडून रद्द करण्याचं शुल्क घेता येत नाही.

सई_डोंबिवली (बुधवार, सकाळी १०.०२)
आवडला! हाच नियम कार्यालयांना लावा.

दादासाहेब_कराड (बुधवार, दुपारी १२.१५)
हा नियम मलाही न्याय्य वाटतो. भाव किती असावा, कोणती अट असावी हे सरकारने सांगू नये, पण जी अट मी तुला लावतो ती मला स्वतःलाही लागू, एवढं म्हटलं तर कुणाचं स्वातंत्र्य जात नाही. लॉकरचं मात्र डोक्यात राहिलं. आईचं लॉकर आहे, नवा करार बघतो.

मुक्ता_सातारा (बुधवार, सायंकाळी ५.३०)
मूळ प्रश्नाकडे येते. कुठे जायचं? गावातले एक जण म्हणाले थेट मुंबईला राज्य आयोगाकडे जावं लागेल. ९०,००० साठी साताऱ्याहून मुंबईला फेऱ्या घालणं परवडणारं नाही.

काळा_कोट (बुधवार, रात्री १०.०५)
ते अर्धं बरोबर आहे. २०१९ च्या कायद्यात 'अनुचित करार' ही नवी संकल्पना आली. विधी आयोगाने १९८४ पासून असा कायदा मागितला होता, २००६ मध्ये पुन्हा अहवाल दिला, पण यायला २०१९ उजाडलं. अवाच्या सवा अनामत, नुकसानीच्या मानाने भरमसाट दंड, दंड भरूनही मुदतीआधी कर्ज फेडू न देणं, विनाकारण एकतर्फी करार संपवण्याची मुभा, संमतीविना करार तिसऱ्याकडे सोपवणं, आणि ग्राहकाला तोट्यात टाकणारी कोणतीही अवाजवी अट, हे सगळं त्यात येतं. मात्र एखादी अट अनुचित म्हणून *रद्दबातल ठरवा* असं मागायचं असेल तर राज्य किंवा राष्ट्रीय आयोग. जिल्हा आयोगाला तो अधिकार दिलेला नाही. माझ्या मते ही कायद्यातली मोठी उणीव आहे. लहान रकमेचा माणूसच छापील अटींत जास्त अडकतो आणि त्यालाच दूर जावं लागतं.

तुम्ही अट रद्द करा असं मागू नका. मागणी साधी ठेवा. सेवा घेतली नाही, तारीख पुन्हा विकली गेली, नुकसान नाही, तरी पैसे अडवले, ही अनुचित व्यापारी प्रथा, सबब रक्कम व्याजासह परत मिळावी. ही तक्रार साताऱ्याच्या जिल्हा आयोगात चालेल. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. पावतीवर 'वाद अमुक शहराच्या न्यायकक्षेत' छापलेलं असलं तरी तुम्ही राहता तिथल्या आयोगात जाता येतं.

त्याआधी स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या. पावतीच्या दोन्ही बाजू, रद्द केल्याचं पत्र आणि ती पत्रिका जोडा. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आधी नोंदवलंत तरी चालेल. पुष्कळदा तिथेच तडजोड होते.

मुक्ता_सातारा (बुधवार, रात्री १०.४०)
एकदम स्पष्ट झालं. उद्याच नोटीस लिहायला घेते. मालकांचा खरोखर जो काही खर्च झाला असेल, कारकुनी, जाहिरात, तो कापायला आमची हरकत नाही. दादांनाही तेच सांगितलं.

पंगत (गुरुवार, सकाळी ११.००)
हा धागा काल रात्री घरी मोठ्याने वाचून दाखवला. पुढच्या हंगामाची पावतीपुस्तकं छापायला जायची आहेत. जुनी अट काढून हा मजकूर टाकायचा विचार आहे. काळा_कोट, सईताई, नजर टाका.

'आरक्षण ९० दिवस आधी रद्द केल्यास भाड्याच्या १० टक्के, ९० ते ३० दिवसांत २५ टक्के, त्यानंतर ५० टक्के रक्कम कापली जाईल. तीच तारीख पुन्हा आरक्षित झाल्यास फक्त १० टक्के कापून बाकी रक्कम १५ दिवसांत परत. कार्यालयाने आरक्षण रद्द केल्यास पूर्ण रक्कम आणि त्या टप्प्याला लागू असलेल्या टक्क्यांइतकी भरपाई ग्राहकास दिली जाईल.'

काळा_कोट (गुरुवार, दुपारी १.२०)
मजकूर उत्तम. कपात नुकसानीच्या अंदाजाला धरून आहे आणि दोन्ही बाजूंना सारखी आहे. दोन सूचना. घरात मृत्यू किंवा गंभीर आजार असेल तर एकदा तारीख बदलून देण्याची सोय घाला. आणि हा मजकूर मागे छापू नका. पुढच्या बाजूला, रकमेच्या लगेच खाली, त्याच आकाराच्या अक्षरात, आणि त्याच्याही खाली सहीची जागा.

सई_डोंबिवली (गुरुवार, दुपारी १.४५)
आणि पैसे घेण्याआधी ही पावती घरी वाचायला द्या. वाकडकरांसारखं दोन लाख भरून झाल्यावर नको.

पंगत (गुरुवार, दुपारी २.१०)
तिन्ही घेतो. कोरी पावती व्हॉट्सअ‍ॅपवर आधी पाठवत जाईन. छापून आली की इथे फोटो टाकतो.